सहावे इंद्रिय : तोलाच्या शोधाची दोनशे वर्षे

ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला १५ जुलै २०२५ रोजी अंतराळातून परतले. त्यानंतरचा एक प्रसंग त्यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितला होता. पलंगावर बसून ते लॅपटॉपवर काम करत होते. काम संपल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला आणि पलंगाशेजारी अलगद हवेत सोडून दिला. तो तिथेच तरंगत राहील, असे त्यांनी गृहीत धरले होते. लॅपटॉप अर्थातच खाली पडला. जमिनीवर गालिचा होता म्हणून नुकसान टळले.

बातम्यांतून ही गोष्ट गंमत म्हणून आली आणि मागे पडली. मला मात्र तीत एक जुना प्रश्न दिसतो. आपण सरळ आहोत की कललेले, स्थिर आहोत की फिरत आहोत, हे मेंदूला कळते तरी कसे? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध सुरू होऊन आता दोनशे वर्षे झाली आहेत. त्या इतिहासात शरीरशास्त्रज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, एक रसायनशास्त्रज्ञ आहे आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या माझ्यासारखीला विशेष जवळचा वाटणारा एक भौतिकशास्त्रज्ञही आहे. मुंबईच्या समुद्रात कोसळलेले एक विमानही त्याच इतिहासाचा भाग आहे. गगनयानाची तयारी चालू असताना तो आपल्याला ठाऊक असावा, म्हणून आज थोडे सविस्तर लिहीत आहे.

ज्ञानेंद्रिये पाच, असे आपल्या परंपरेने मानले आणि ग्रीकांनीही मानले. तोलाला या गणनेत जागा मिळाली नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. डोळे मिटले की दिसेनासे होते आणि कान झाकले की ऐकू येईनासे होते. पण तोलाचे इंद्रिय बंद करून पाहण्याची सोय नाही. ते ठीक असते तेव्हा त्याची जाणीवही होत नाही. म्हणूनच त्याचा शोध बिघाडातून लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील मनोरुग्णालयांत रुग्णांना खुर्चीत बांधून गरगर फिरवण्याचा उपचार रूढ होता. प्राग येथील तरुण शास्त्रज्ञ यान पुर्किंजे यांनी १८२० च्या सुमारास भोवळ या विषयाचा अभ्यास हाती घेतला आणि त्यासाठी स्वतःवर प्रयोग केले. फिरताना डोके कोणत्या स्थितीत होते, यावर थांबल्यानंतरच्या भोवळीचा अक्ष ठरतो, असे त्यांना आढळले. मान खांद्याकडे कलवून फिरलो आणि थांबताच ती सरळ केली, तर जग निराळ्याच प्रतलात फिरताना भासते. निरीक्षण अचूक होते, पण त्याचे कारण त्यांनी मेंदूत शोधले. कवटीतला मऊ मेंदू मागे रेंगाळत असावा, असा त्यांचा तर्क होता.

त्याच दशकात पॅरिसमध्ये पियेर फ्लुरांस कबुतरांच्या कानांवर शस्त्रक्रिया करत होते. कानाच्या सर्वांत आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांची प्रतले एकमेकींशी जवळजवळ काटकोनात असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात, तशी ही रचना आहे. फ्लुरांस यांनी आडवी नलिका छेदली, तेव्हा कबुतराचे डोके डावी-उजवीकडे झुलू लागले. उभी नलिका छेदली, तर ते वर-खाली होऊ लागले. पक्षी गिरक्या घेत, कोलांट्या खात. पण त्यांना ऐकू येत होते. कानाचा एक भाग ऐकण्याचे काम करतच नाही, याचा हा स्पष्ट पुरावा होता. तरीही या नलिका तोल सांभाळतात, असा निष्कर्ष त्यातून लगेच निघाला नाही.

जानेवारी १८६१ मध्ये पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे प्रमुख प्रॉस्पेर मेनिएर यांनी एक निबंध वाचला. अचानक भोवळ येणे, उलट्या होणे, कानात आवाज येणे आणि हळूहळू ऐकू येणे कमी होणे ही लक्षणे एकत्र दिसणाऱ्या रुग्णांचे दुखणे मेंदूत नसून अंतःकर्णात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तोवर अशा रुग्णांना मेंदूत रक्त साचल्याचे निदान होई आणि रक्त काढले जाई. पुढच्याच वर्षी मेनिएर वारले. आज हा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. १८७० मध्ये फ्रीडरिश गोल्ट्स यांनी अर्धवर्तुळाकार नलिका हे तोलाचे इंद्रिय आहे, असे स्पष्टपणे मांडले.

पण हे इंद्रिय नेमके मोजते काय? १८७३ ते १८७५ या काळात तीन माणसे एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच उत्तरापाशी आली. व्हिएन्नाचे डॉक्टर योझेफ ब्रॉयर हे त्यांतले पहिले. पुढे फ्रॉइड यांचे सहकारी म्हणून ते प्रसिद्ध झाले. दुसरे एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्रम ब्राउन. तिसरे प्रागचे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख. ध्वनीच्या तुलनेत विमानाचा वेग सांगताना आपण ज्यांचे नाव घेतो, तेच हे माख.

माख यांच्या विचाराला चालना मिळाली आगगाडीत. गाडी वळणावरून जात असताना बाहेरची घरे आणि झाडे त्यांना तिरपी झालेली दिसली. असे का व्हावे? वळणावर शरीरावर दोन परिणाम एकत्र होतात. गुरुत्वाकर्षण खाली ओढते आणि वळणामुळे बाहेर फेकले गेल्यासारखे वाटते. या दोहोंच्या बेरजेची दिशा तिरपी असते. मेंदू त्या तिरप्या दिशेलाच ‘खाली’ समजतो आणि मग सरळ उभी घरे कललेली भासतात. माख यांनी फिरती खुर्ची बांधली, आत बसणाऱ्याला भोवतालचे काही दिसू नये अशी व्यवस्था केली आणि प्रयोग सुरू केले. त्यांचा निष्कर्ष असा : शरीराला वेग कळत नाही, कळते ते त्वरण, म्हणजे वेगातला बदल.

यामागची यंत्रणा साधी आहे. नलिकांमध्ये द्रव असतो. डोके फिरले की नलिका फिरते, पण जडत्वामुळे द्रव मागे राहतो आणि वाटेतला जेलीसारखा पडदा वाकवतो. पडद्यात रुतलेल्या सूक्ष्म केसांच्या पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात. एकाच गतीने फिरत राहिले, तर पडदा हळूहळू मूळ जागी येतो आणि पंधरा-वीस सेकंदांत फिरण्याची जाणीव मावळते. थांबल्यावर द्रव पुढे रेटत राहतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि आपण उलटे फिरत आहोत असे वाटते. फुगडी थांबल्यावर अंगण का फिरते, याचे उत्तर हेच.

नलिका फिरणे ओळखतात. कलणे आणि सरळ रेषेतली गती ओळखण्यासाठी त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे एका मऊ थरावर बसलेले असतात. डोके कलले की ते घसरू पाहतात. याचा सर्वांत सुंदर पुरावा १८९३ मध्ये व्हिएन्नाच्या अलोइस क्राइड्ल यांनी कोळंबीकडून मिळवला. कोळंबी कात टाकते तेव्हा तोलाच्या इंद्रियातले वाळूचे कणही जातात आणि ती नवे कण आत भरून घेते. क्राइड्ल यांनी तिला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला आणि मग जवळ लोहचुंबक धरले. कोळंबी तिरपी झाली. चुंबकाच्या ओढीला ती गुरुत्वाकर्षण समजली होती.

तिच्या चुकीला हसण्याचे कारण नाही, कारण आपली स्थितीही तीच आहे. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांचा परिणाम एकाच जागी उभे राहून वेगळा ओळखता येत नाही, या तत्त्वावर आइनस्टाइन यांनी १९०७ पासून आपला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत उभारला. कानातल्या खड्यांनाही तेच तत्त्व लागू आहे. डोके मागे कलले म्हणून ते सरकले की गाडीने वेग घेतला म्हणून, हे त्यांना सांगता येत नाही. ही उणीव कानाची नाही. निसर्गनियमच तसा आहे. म्हणून कानाच्या साक्षीवर मेंदूला निकाल देता येत नाही. डोळे काय पाहतात, तळपायांवर आणि सांध्यांवर भार कुठे आहे, शेजारच्या नलिका काय सांगतात, हे सारे जमेस धरून तो अंदाज बांधतो. जिला आपण तोलाची जाणीव म्हणतो, ती खरे तर हा अंदाज असते.

एखादी साक्ष कायमची गेली तर काय होते, हे अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये दाखवले. त्यांनी तपासलेल्या ५१९ मूकबधिरांपैकी १८६ जणांना कितीही गरगर फिरवले तरी भोवळ येत नव्हती. त्यांचे अंतःकर्णच निकामी झाले होते. ही माणसे उजेडात व्यवस्थित चालत, कारण डोळे आणि पाय कानाची उणीव भरून काढत. पण पाण्यात बुडी मारल्यावर डोळ्यांनाही काही दिसत नाही आणि पायांनाही जमीन लागत नाही. अशा वेळी आपल्याला वरची दिशा कळेनाशी होते, असे त्यांच्यातील काहींनी सांगितले.

या ज्ञानाला रुग्णालयात आणले ते व्हिएन्नाच्या रोबेर्ट बारानी यांनी. कान धुताना पाणी गार असले की रुग्णांना चक्कर येते आणि डोळे एका दिशेने झटके देतात. पाणी फार गरम असले की झटक्यांची दिशा उलटते, असे त्यांच्या लक्षात आले. नलिकेतला द्रव तापून हलका होतो आणि वर चढतो, हे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण. एका कानाचे तोलाचे इंद्रिय तपासण्याची सोपी कसोटी त्यातून मिळाली. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियाचे युद्धकैदी म्हणून मर्वच्या छावणीत होते. स्वीडनच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली. या कथेला पुढे एक वळण मिळाले. १९८३ मध्ये स्पेसलॅबच्या पहिल्या मोहिमेत, जिथे गरम द्रव ‘वर’ चढूच शकत नाही अशा वजनरहित अवस्थेत, तीच कसोटी करून पाहिली आणि डोळ्यांनी तरीही झटके दिले. बारानींचे स्पष्टीकरण चूक नव्हते, पण अपुरे होते.

बारानींच्या नावाने ओळखली जाणारी फिरती खुर्ची पुढे वैमानिकांची परीक्षा घेण्यासाठी वापरात आली. ज्याला तोलाची जाणीव उत्तम तो वैमानिक उत्तम, अशी तेव्हाची समजूत होती. १९२६ मध्ये अमेरिकी सैन्यातील अनुभवी वैमानिक विल्यम ओकर यांना डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी डोळे झाकून त्या खुर्चीत बसवले. कोणत्या दिशेने फिरत आहोत, हे ओकर यांना सांगता येईना. दुसऱ्या वेळी ते एका खोक्यात विमानातील वळणदर्शक यंत्र घेऊन आले, केवळ त्यात पाहून उत्तरे दिली आणि सारी बरोबर आली. ओकर यांनी यातून घेतलेला धडा क्रांतिकारक होता : ढगात किंवा अंधारात शरीरावर विश्वास ठेवायचा नाही, यंत्रावर ठेवायचा. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी बाहेरचे काहीही न पाहता, कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या यंत्राच्या आधारे विमान उडवून उतरवले.

मग त्या यंत्रानेच दगा दिला तर? हा प्रश्न १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईत उभा राहिला. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून आठ वाजून गेल्यावर दुबईकडे निघाले. उड्डाणानंतर त्याने नेहमीप्रमाणे उजवे वळण घेतले आणि पंख पुन्हा समतल झाले. परंतु कॅप्टनच्या समोरचे, विमान किती कलले आहे ते दाखवणारे यंत्र उजवीकडेच अडकून राहिले. विमान अजून उजवीकडे कललेले आहे असे समजून त्यांनी ते डावीकडे वळवले, आणखी वळवले. इतर यंत्रे खरी स्थिती दाखवत होती. त्यांच्याकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्नही कॉकपिटमध्ये झाला. पण ती गोंधळाची वेळ अवघ्या काही सेकंदांची होती. विमान पूर्ण आडवे होऊन त्याहीपलीकडे कलले आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच अरबी समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, एकूण २१३ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणाला दोन मिनिटेही झाली नव्हती.

एवढे प्रचंड विमान एका कुशीवर वळत असताना अनुभवी माणसाला ते जाणवू नये, हे अनेकांना अविश्वसनीय वाटते. त्याचे उत्तर माख यांच्या आगगाडीत आहे. वळणाऱ्या विमानात गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा परिणाम यांची बेरीज बहुधा जमिनीच्या नव्हे, तर विमानाच्या तळाच्या दिशेने येते. खुर्चीत बसलेल्या माणसाला आपण सरळच आहोत असे वाटते. कलण्याचा वेग मंद असेल, तर नलिकांनाही तो कळत नाही. शहराचे दिवे मागे पडलेले, पुढे काळा समुद्र आणि काळे आकाश, क्षितिज नाही. डोळ्यांची साक्ष नाही, कानाची साक्ष दिशाभूल करणारी आणि यंत्राची साक्ष खोटी. अशा स्थितीत कोणाच्याही मेंदूचा अंदाज चुकू शकतो. त्या रात्री मेंदूला सर्वांत स्पष्ट दिसणारी साक्षच खोटी होती.

हा अंदाज मेंदूत बांधला जातो कुठे, हे गेल्या शंभर वर्षांत उलगडत गेले. एक प्रयोग आत्ताच करून पाहा. हा मजकूर वाचताना मोबाईल झपाझप डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे पुसट होतील. आता मोबाईल स्थिर ठेवून तितक्याच वेगाने डोके हलवा. अक्षरे वाचता येतील. दुसऱ्या वेळी कानाने डोक्याची हालचाल टिपून डोळे उलट दिशेने फिरवले. अंतःकर्णापासून डोळ्याच्या स्नायूपर्यंतच्या या साखळीत मूलतः तीनच चेतापेशी असतात, असे लोरेंते दे नो यांनी १९३३ मध्ये दाखवले. म्हणूनच हे काम सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास होते.

कलणे आणि त्वरण वेगळे करण्याचे काम याहून अवघड. २००४ मध्ये डोरा अँजेलाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की मेंदूच्या तळाकडील आणि लहान मेंदूतील काही चेतापेशी नलिका आणि खडे या दोहोंचे संदेश एकत्र करून हा भेद करतात. गतीच्या नियमांचे जणू गणितच त्या सोडवत असतात. पुढे २००७ मध्ये लहान मेंदूतील ज्या पेशी या कामात गुंतलेल्या आढळल्या, त्यांचे नाव पुर्किंजे पेशी. फिरत्या खुर्चीत बसून भोवळीचे कारण मेंदूत शोधणाऱ्या त्याच पुर्किंजेंनी १८३७ मध्ये या पेशींचे वर्णन केले होते.

तोलाच्या या हिशेबावर आपले दिशाभानही उभे आहे. डोक्याचा रोख कुठे आहे हे सांगणाऱ्या पेशी उंदरांच्या मेंदूत १९८० च्या दशकात सापडल्या. अंतःकर्ण निकामी केल्यास त्यांचा दिशानिर्देश हरपतो. आपण कोणत्या जागी आहोत हे नोंदवणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये, तर जागेची जाळी आखणाऱ्या पेशी मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना २००५ मध्ये आढळल्या. २०१४ चे नोबेल या तिघांना मिळाले.

हे ज्ञान घराघरात मात्र पोहोचलेले नाही. माझ्या आत्याला अंथरुणावर कूस बदलली की खोली फिरल्यासारखी वाटे. कित्येक वर्षे कोणी पित्त म्हटले, कोणी अशक्तपणा, कोणी मानेचे मणके. गळ्याला पट्टाही लागला. अखेर कानाच्या एका तरुण डॉक्टरांनी तिला निजवून तिचे डोके ठरावीक क्रमाने वळवले आणि काही मिनिटांत चक्कर थांबली. पिशवीतले खडे सुटून नलिकेत शिरले होते. ते परत जागेवर गेले. या प्रकारच्या भोवळीचे वर्णन बारानींनी १९२१ मध्ये केले होते आणि डोके वळवण्याचा हा उपाय जॉन एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला होता. चक्कर येण्याची कारणे अनेक असतात. तिच्या जोडीला बोलणे अडखळले, हात-पाय लुळे पडले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पण केवळ कूस बदलताना गरगरत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना एकदा अवश्य विचारावे.

आता पुन्हा शुक्लांच्या लॅपटॉपकडे येऊ. अंतराळात कानातले खडे कलण्याची कसलीच साक्ष देत नाहीत. निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिल्या दोन-तीन दिवसांत मळमळ आणि भोवळ यांचा त्रास होतो. मग मेंदू त्या साक्षीचे महत्त्व कमी करतो आणि डोळ्यांवर अधिक विसंबतो. वस्तू सोडली की तरंगते, हा नवा नियमही तो शिकतो. परतल्यावर हे सारे पुन्हा उलटे शिकावे लागते. १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी सल्यूत ७ स्थानकावर योगासने केली होती, ती वजनरहित अवस्थेचा शरीरावरील परिणाम पाहण्याच्या भारतीय प्रयोगाचाच भाग म्हणून. गगनयानासाठी वायुसेनेच्या वैमानिकांची निवड झाली ती बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमधील चाचण्यांतून. वैमानिकाला दिशाभ्रमाचा अनुभव मुद्दाम देऊन सावध करण्याचे काम ही संस्था दीर्घकाळ करत आली आहे.

गगनयानाची नियोजित मोहीम तीन दिवसांची आहे. म्हणजे अंतराळवीरांचा जवळजवळ सारा काळ मेंदू जुना नियम सोडून नवा शिकत असण्याच्या, सर्वांत त्रासाच्या टप्प्यात जाईल. नवा नियम अंगवळणी पडतो न पडतो तोच ते परत येतील आणि समुद्रात हेलकावणाऱ्या कुपीत पुन्हा जुन्या नियमाकडे वळतील. यानाची यंत्रे निर्दोष असणे आवश्यक आहेच. पण त्या तीन दिवसांत आपल्या मेंदूचा कोणता अंदाज खरा मानायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा, हे त्या वैमानिकांना क्षणोक्षणी ठरवावे लागणार आहे. यान आकाशात झेपावताना आपण पाहू, तेव्हा त्यांच्या या न दिसणाऱ्या कामाचीही आठवण ठेवावी.